तंजावरची पंगत

घरी चार माणसांना जेवायला बोलावण्याचा आपल्याला चांगला सराव आहे, असा माझा बरीच वर्षे समज होता. कॉलेजातले सहकारी, परगावचे परीक्षक, विद्यार्थिदशेतले मित्र अशा कितीकांना मी मोकळ्या मनाने 'या की जेवायला!' म्हणून सांगत आलो. सांगून झाले की माझे यजमानपण जवळजवळ संपे. पुढचे सारे सौ. पाही. पाहुणे आले की मी पाणी भरी, उदबत्ती लावी आणि 'अहो, आणखी एक पुरी घ्याच' असा भरघोस आग्रह करी. ती पुरी लाटणारे, तळणारे आणि शेवटी उरली तर खाणारे माणूस वेगळेच होते.

खऱ्या अर्थाने मी पाहुणे बोलावले ते वयाची चाळिशी ओलांडल्यावर, आणि तेही आपल्या घरी नव्हे. तंजावरला, भाड्याच्या एका माडीवर. त्या पंगतीची ही हकीकत.

२०१९ च्या मे महिन्याची सुट्टी होती. सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते पाहावीत, म्हणून सहा आठवड्यांच्या मुक्कामाने मी निघालो. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने गेले की उजाडता उजाडता खिडकीबाहेर कावेरीकाठची सपाट शेते दिसू लागतात. तमिळ देशाचे भाताचे कोठार म्हणून ज्याची ख्याती, तो हा मुलूख. पण वैशाखात पाट कोरडे पडलेले आणि जमीन भेगाळलेली. मन जरा खट्टू होते. गावात शिरावे तोच बृहदीश्वराचे विमान समोर उभे राहते. दोनशे फुटांहून उंच असे ते दगडी शिखर राजराज चोळाच्या काळचे. देऊळ पूर्ण झाले १०१० साली. इतके उंच काही पाहिले की माणूस आपोआप गप्प होतो.

पण मराठी माणसाच्या अंगावर खरा काटा येतो तो शिखर पाहून नव्हे. प्राकाराच्या भिंतीशी वाकून पाहावे, तर दगडावर ओळीच्या ओळी देवनागरी अक्षरे, आणि ती चक्क मराठी! भोसले घराण्याचा सारा इतिहास सरफोजी राजांनी १८०३ मध्ये तेथे कोरवून घेतला आहे. चोळांच्या देवळात, तमिळ देशात, आपली भाषा अशी दगडावर भेटली की परगावी अचानक मामा भेटावा तसे वाटते.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास हे राज्य घेतले. १६७७ मध्ये कोल्लिडम नदीकाठी दोघे भाऊ भेटले. थोरल्याने धाकट्याचा काही दिवस पाहुणचार केला. पण वाटणीचा विषय निघाला तसा धाकटा एका रात्री गुपचूप नदी पार करून निघून गेला! तेव्हा या मुलखातला मराठी पाहुणचाराचा आरंभ काही फार सुखाचा झालेला नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजी (१६८४ ते १७१२) यांनी मात्र मराठीत नाटके लिहिली. आपल्याकडे सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले ते १८४३ साली; म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने! पुढे सरफोजींनी (१७९८ ते १८३२) ग्रंथालय वैभवाला आणले, आणि १८५५ मध्ये राज्य इंग्रजांच्या घशात गेले. राज्य गेले, पण माणसे राहिली. मराठी बोलणारी कुटुंबे आजही त्या गावात आहेत.

अशाच एका कुटुंबाच्या माडीवर माझी सोय झाली. राजवाड्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर एका गल्लीत ते घर होते. पुढे बसायला ओटा, त्याला तेथे तिण्णै म्हणतात. आत उघडा चौक, चौकाभोवती लाकडी खांब. पहाटे सूनबाई दारापुढे पाणी शिंपून तांदळाच्या पिठाचा कोलम काढीत. सकाळी नातू पितळी पेल्यातून वाफाळणारी कॉफी घेऊन जिना चढे. घरात आजी, त्यांचा बँकेत नोकरीला असलेला मुलगा, सून आणि हा नऊ वर्षांचा नातू. आजींचे वय पंचाहत्तरीच्या पुढचे. नऊवारी नेसणाऱ्या, ताठ बसणाऱ्या, कमी बोलणाऱ्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारले, "जेवण झालं की?" तो 'की' तमिळ चालीवर असा वर उचलला होता, की मला आधी भाषाच ओळखेना. मग कान हळूहळू सरावला. त्यांच्या बोलण्यात मध्येच तमिळ शब्द येत, आणि मध्येच असा एखादा जुना मराठी शब्द येई, की जो मी फक्त बखरीत वाचला होता. रोज संध्याकाळी मी तिण्णैवर बसून त्यांच्याशी बोलत असे. उठताना हातावर काहीतरी खायला ठेवल्याखेरीज त्या मला वर जाऊ देत नसत.

आणि मग माझ्यातला मास्तर जागा झाला.

एका संध्याकाळी नातू आनंदाने सांगत आला, "आज मी चार दोसै खाल्लो!" मी मोठ्याने हसलो. म्हणालो, "अरे, 'मी दोसे खाल्ले' म्हणावं. 'खाल्लो' म्हणजे काय?" त्याने पुन्हा म्हटले, मी पुन्हा दुरुस्त केले. इतक्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. पण वर्गात चालते तशी जीभ पुढे चालली. आजींकडे वळून मी म्हणालो, "तुमच्याकडचं मराठी अगदी मोडून गेलं हो!"

आजी काही बोलल्या नाहीत. नातू आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कॉफी आली. पण ठेवून पोर पळाले. संध्याकाळी मुलगा माझ्याशी इंग्रजीत बोलला. सूनबाई तमिळमधून हसल्या. आजींनी खाऊ दिला आणि मानेनेच 'या' म्हटले. पाहुणचारात तिळमात्र कमी नव्हती. फक्त त्या घरातले मराठी माझ्यापुरते बंद झाले होते. सव्वातीनशे वर्षे जे कोणाच्या राज्याने, कोणाच्या शाळेने बंद पडले नाही, ते मी एका वाक्यात बंद पाडले! दिवसा हस्तलिखितातली मराठी वाचावी, आणि रात्री तीच भाषा बोलणारे घर मुके झालेले पाहावे, असे आठ दिवस गेले.

त्याच दिवसांत तंजावरच्या छत्रांविषयी वाचत होतो. छत्र म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. रामेश्वराच्या वाटेवर या राजांनी अशी कितीतरी छत्रे बांधली. ओरत्तनाडला सरफोजींनी मुक्तांबाबाईंच्या नावाने बांधवलेले छत्र प्रसिद्धच आहे. १८०१ मध्ये सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांचे काम कसे चालते ते सांगितले आणि त्यांना हात लावू नये अशी विनंती केली. ब्राह्मणापासून फकिरापर्यंत जो येईल त्याला अन्न, आजाऱ्याला औषध. आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी जेवायचा राहिला असेल तर त्यालाही बोलवायचे! मी पुस्तक मिटले. रामेश्वराच्या वाटेवर देशोदेशीचे लोक येत असतील. त्यांच्या बोलण्याचे व्याकरण तपासून कोणी भात वाढीत असेल, असे काही वाटेना.

त्याच संध्याकाळी मी आजींना म्हणालो, "येत्या रविवारी रात्री तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडे जेवायला यायचं."

आजींनी भुवया वर केल्या. "पाहुण्यानं घरच्यांस जेवायला बोलवायचं?" आठ दिवसांनी ऐकलेले ते पहिले मराठी वाक्य. मग म्हणाल्या, "कांदा-लसूण चालत नाही आम्हास."

ग्रंथालयात ओळख झालेल्या एका निवृत्त शिक्षकांनाही सांगितले. पाच पाहुणे, एक शेगडी, दोन पातेली आणि मी. माझा बेत असा: मसालेभात, आमसुलाची आमटी, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड-पुरी, आणि मला खात्रीने येणारा एकमेव पदार्थ, पिठले. गोडा मसाला आणि आमसुले सौ. ने निघताना पिशवीत घातली होती. बेसनाला तेथे कडलै मावु म्हणतात आणि तुरीच्या डाळीला तुवरम परुप्पु, एवढे ज्ञान दुकानदाराने हसत हसत दिले. केळीची पाने हवी तितकी मिळाली. आदल्या रात्री दही फडक्यात बांधून खिडकीच्या गजाला टांगले. तंजावरचा उन्हाळा त्यात रात्रभर आपले काम करीत होता. सकाळी चक्का चाखला, आणि डोळे आपोआप मिटले!

सौ. फोनवरून मार्गदर्शन करीत होती. "साखर वाढवा. आणखी. अहो, पुऱ्या आताच लाटून ठेवू नका!" मी लाटून ठेवल्या होत्या. त्या एकमेकींना अशा बिलगल्या होत्या की सोडवताना त्यांचे नकाशे झाले. घामाच्या धारा, डोळ्यांत धूर, आणि घड्याळ पुढे पळतेय. 'आणखी एक पुरी घ्याच' हे वाक्य मी आजवर किती स्वस्तात वापरले, ते त्या दुपारी कळले. सौ. ला तसे म्हणालोही. ती क्षणभर गप्प राहिली, आणि म्हणाली, "पिठलं हलवा, गुठळ्या होतील."

संध्याकाळी साडेसातला मंडळी वर आली. सतरंज्या घातल्या होत्या, पाने मांडली होती. आजी पहिल्या पानापाशी आल्या, जरा थांबल्या, आणि खाली बसून त्यांनी आपले पान हलकेच फिरवले. मग शेजारचे फिरवले. माझ्या ध्यानात आले. पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला हवे. मी सगळी पाने उलटी मांडली होती! इकडे काय, तिकडे काय, रीत एकच, लहानपणापासून पाहिलेली. आजी एक शब्द बोलल्या नाहीत, हसल्या नाहीत, माझ्याकडे पाहिलेही नाही. बाकीच्यांना कळायच्या आत पाचही पाने सरळ झाली. चूक कशी दुरुस्त करावी याचा असा धडा मला कोणत्याही ट्रेनिंग कॉलेजात मिळाला नसता.

वाढायला सुरुवात केली. "पिठलं," मी अभिमानाने म्हणालो. सगळ्यांचे चेहरे खुलले. आणि पानावर पिवळाधमक गोळा पडताच पुन्हा मिटले. तंजावरकडे पिटलै म्हणून पदार्थ आहे: तुरीची डाळ, ओले खोबरे, वांगी नाहीतर कारली. नावाचे नाते उघड दिसते. पदार्थांची मात्र कधीच ताटातूट झालेली. निवृत्त शिक्षक म्हणाले, "नाव तुमचं राहिलं, भाजी आमची झाली!" आमटीची पाळी आली. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले, तंजावरच्या मुदपाकखान्यात एकदा आमसुले संपली म्हणून चिंच घातली आणि सांबार जन्मले, अशी कथा सांगतात. कागदोपत्री आधार तिला मिळत नाही. पण कथा गोड आहे. मी म्हणालो, "आजी, संपलेली आमसुलं घेऊन आलोय." त्यांनी भुरका घेतला, विचार केला आणि निर्णय दिला, "हे सांबार नव्हे. पण बरं आहे. आणखी वाढा."

आता धीर आला. वाढणे थांबवून मी म्हणालो, "आजी, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं."

पंगत क्षणभर शांत झाली. आजींनी पेला उचलला. "हे काय?"

"पाणी."

"काल हे तुम्ही काय केलात?"

"प्यालो."

"पाठ शाळेत काय केलात?"

"शिकलो."

"आणि दोसै?"

"खाल्ला."

"पाणी प्यालो, पाठ शिकलो, मग दोसै का खाल्लो नव्हे?"

वाचकहो, मी मराठीचा एम. ए. आहे. पिणे, शिकणे, विसरणे ही सकर्मक क्रियापदे भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालतात आणि खाणे मात्र कर्माप्रमाणे चालते, हे मी दर वर्षी शिकवतो. का, असे कोणी विचारले की 'अपवाद' म्हणतो आणि पान उलटतो. पोराने तर माझेच अर्धे व्याकरण उचलून पुरे केले होते. ज्याला मी मोडणे म्हणालो, त्यात त्याचा त्याचा हिशेब होता. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "आजी, मला सांगता येत नाही."

"परवाईल्लै," आजी म्हणाल्या. म्हणजे, असू द्या. आणि पहिल्यांदा हसल्या.

त्यानंतर पंगत सुटलीच. मराठी, तमिळ सगळे एका पानावर. श्रीखंड आंबट होते, पण नातवाने तीनदा मागून घेतले. पुऱ्यांच्या नकाशांतून त्याने सिलोन शोधून काढले. सूनबाईंनी पिठल्याची कृती विचारली आणि मला आयुष्यात प्रथमच कोणाला पाककृती सांगण्याचा मान मिळाला. शेवटी सगळे उठल्यावर एकटा जेवायला बसलो, तेव्हा पातेल्यात खरवड आणि दोन वातड पुऱ्या उरल्या होत्या. सौ. ची आठवण झाली.

जिना उतरताना नातू थांबला. माझ्याकडे जरा सावधपणे पाहत म्हणाला, "मामा, मी पोट भरून जेवलो."

मी वाट पाहत होतो ती आजींची. त्या खालच्या पायरीवरून म्हणाल्या, "यास काही दुरुस्ती?"

"नाही आजी," मी म्हणालो. "पुण्यालाही आम्ही असंच म्हणतो."