डबे बोलायचे त्या रात्री

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी आमच्या घरात सगळ्यांत आधी रव्याचा डबा बोलायचा.

नाशिकच्या नव्या तांबट आळीतल्या त्या घराच्या स्वयंपाकघरात, भिंतीतच एक खोल फडताळ होतं. त्यात पितळेचे आठ डबे थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीने मांडलेले असत. चुलत आणि आते मिळून आम्ही भावंडंही आठच. त्यामुळे उंचीप्रमाणे एकेकाचा एकेक डबा, असं आमचं आम्हीच ठरवून टाकलं होतं. दादाचा सगळ्यांत मोठा, गव्हाच्या पिठाचा. माझा मधला, रव्याचा. त्याचं झाकण जरा सैल होतं. मिरवणुकीतला पहिला बँड अशोकस्तंभापाशी आला की ढोलाच्या ठोक्यावर ते झाकण आधी थरथरायचं आणि मग झिणझिणायचं. वाटलेली डाळ परतता परतता मोठी काकू हातातला उलथना थांबवायची. “आला रे, बँड आला!” एवढं तिने म्हणायचा अवकाश, आम्ही आठही जण जिना चढून गॅलरीत.

कान देऊन ऐकायची सवय आम्हाला दुकानाने लावली. अण्णांचं, म्हणजे आजोबांचं, भांडीबाजारात दुकान होतं. गिऱ्हाईक घागर बघायला आलं की अण्णा ती डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरायचे आणि उजव्या हाताने टिचकी मारायचे. आवाज लांबत गेला तर घागर चांगली. मध्येच बसला तर कुठेतरी चीर आहे, नाहीतर सांध्याचा डाग नीट बसलेला नाही. “डोळा फसतो, टिचकी फसत नाही,” असं ते म्हणत. सुट्टीत दुकानावर बसणाऱ्या प्रत्येक नातवंडाची परीक्षा व्हायची. पाठ करून उभं राहायचं आणि नुसत्या टिचकीवरून तांब्याचं की पितळेचं, घागर की कळशी, ते सांगायचं.

आळीत तर दिवसभर ठोके. पत्र्याला आकार देणारे जड ठोके वेगळे, घडून झालेल्या भांड्यावर मठार करणारे हलके, एकसारखे ठोके वेगळे. आम्ही पाढे त्या ठोक्यांत पाठ केले, दुपारच्या झोपाही त्याच ठोक्यांत काढल्या. वर्षातून मोजके दिवस आळी गप्प असायची, त्यांतला एक अनंत चतुर्दशीचा. हातोडे खाली ठेवलेले असत आणि आळीच्या तोंडाशी पितळ गायला लागलेलं असे.

नाशिकची विसर्जन मिरवणूक जुन्या नाशकातल्या वाकडी बारवेपासून निघते. फुले मंडई, गाडगे महाराजांचा पुतळा, मेनरोड, धुमाळ पॉइंट, महात्मा गांधी रस्ता, मेहेर, अशोकस्तंभ, मग आमची आळी आणि रविवार कारंजा. पुढे होळकर पूल ओलांडून पंचवटी कारंजा, मालवीय चौक आणि शेवटी गोदाकाठचं पटांगण. अण्णांच्या वयाची माणसं त्या पुलाला व्हिक्टोरिया पूलच म्हणत. दुपारी निघालेली मिरवणूक आमच्याकडे यायला दिवेलागण व्हायची. तोवर घरचा गणपती नदीवर पोहोचवून झालेला असे. मधले काका नाशिकरोडच्या प्रेसमधून येत, सिन्नरची आत्या दुपारच्या एसटीने पोरांसकट हजर होई. गॅलरीत जागा ठरलेल्या होत्या. कोपऱ्यात अण्णांची खुर्ची, कठड्याच्या गजांत नाक खुपसून आम्ही, मागे बायका, आणि पाऊस आलाच तर ओढायला ताडपत्री.

आधी फक्त ठोका ऐकू यायचा. ढोलाचा जड आवाज भिंतींना, कोपऱ्यांना वळसा घालून पोहोचतो. ट्रम्पेटचा धारदार आवाज सरळ जातो, त्याला वळण घेता येत नाही. त्यामुळे बँड समोर येईपर्यंत नुसता ताल हाती असायचा, गाणं नसायचंच. तेवढ्या वेळात आमची पैज लागे. गाणं कोणतं? मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकायचं. लावणीचा ठेका असला तर ‘पिंजरा’तलं काहीतरी. 1972 च्या त्या चित्रपटातल्या राम कदमांच्या चाली दहा-बारा वर्षांनीही बँडवाल्यांच्या बोटांवर होत्या. 1979 मध्ये ‘अष्टविनायक’ आला आणि पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक बँडने त्यातल्या गणपतीच्या गाण्याशिवाय पाऊल उचललं नाही. आणि क्लॅरिनेटवाला चांगला असेल तर ‘नागीन’मधली बीन हमखास. ती सुरू झाली की मधले काका दरवर्षी तेच सांगत, की 1954 च्या त्या चित्रपटातली बीन खरी बीन नव्हतीच, हेमंतकुमारांसाठी ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलाइन नावाच्या वाद्यावर वाजवली होती. आम्हाला ते पाठ झालं होतं, तरी दरवर्षी ऐकायला हवं असायचं.

मग वळणावर गॅसबत्त्यांचा उजेड दिसायचा आणि त्याच क्षणी गाणं फुटायचं. लाल किंवा निळे डगले, खांद्यावर सोनेरी झालर, टोपीवर तुरा. पुढे बँडमास्तर, तोंड मंडळींकडे, पाठ रस्त्याकडे, उलट पावली चालत. त्याच्या मागे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट, मग ट्रॉम्बोनवाले, ज्यांची नळी पुढे-मागे सरकताना बघून आमचा धाकटा स्वतःचा हात तसाच हलवायचा. त्यांच्यामागे अंगाभोवती अजगरासारखी वेटोळी घेतलेली मोठी वाद्यं, आणि सगळ्यांत शेवटी ढोल-झांजा. ट्रम्पेटला तर तीनच खटके असतात. बाकीचे सूर वाजवणारा ओठांच्या ताणावर काढतो, हे कळलं तेव्हा त्या माणसांच्या ओठांकडे बघायची आमची नजरच बदलली.

मोठी काकू मात्र आधी वाद्यांची झळाळी बघायची. “ह्यांनी चिंच लावून घासलंय,” ती म्हणायची. दसरा-दिवाळीला घरातलं सगळं पितळ चिंचेने घासणाऱ्या बाईचं ते मत होतं आणि ते आम्हाला कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठं वाटायचं. अण्णा म्हणायचे, “तांबं आणि जस्त. आपल्या घागरीत जे, तेच त्या कर्ण्यात.” मेरठच्या जली कोठी भागात ही वाद्यं बनतात आणि तिथली नादिर अली कंपनी 1885 पासूनची आहे, हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक होतं. बँड हिंदुस्थानात आले ते पलटणींबरोबर. छावण्यांत आणि संस्थानांच्या दरबारांत आपली माणसं ते वाजवायला शिकली आणि पुढे ती वाद्यं लग्नाच्या वरातीत, देवाच्या मिरवणुकीत आली. देवळालीची छावणी आमच्यापासून दहा-बारा मैलांवर, म्हणून अण्णांना ही गोष्ट शेजारच्या घरची वाटायची.

बँडवाल्यांची आणखी एक गोष्ट त्यांनीच आमच्या लक्षात आणून दिली. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि लग्नं थांबतात ती तुळशीच्या लग्नापर्यंत. त्या चार महिन्यांत बँडवाल्याच्या घरी पैसा येणार तो मुख्यतः गणपतीतच, आणि त्यातही शेवटच्या दिवशी. “म्हणून आज ते जीव ओतून वाजवतात,” अण्णा म्हणायचे. लग्नाच्या वरातीत त्यांना कुणी गाणं पुरं करू देत नाही, मध्येच दुसरी फर्माईश येते. इथे आळीतली माणसं ओट्यांवर, गॅलऱ्यांत बसून गाणं शेवटपर्यंत ऐकत. एखादा तुकडा सुंदर लागला की वरून दाद जायची आणि बँडमास्तर मान वर करून हात कपाळाला लावायचा.

दोन बँडांच्या मधे लेझीम यायचं. गुलालवाडी व्यायामशाळेचं पथक येतंय म्हटल्यावर शेजारच्या सगळ्या खिडक्या भरायच्या. आणि मग नाशिक ढोल. आमच्या लहानपणी तो आम्हाला नुसता ढोल होता. त्याला गावाचं नाव आहे हे बाहेर गेल्यावर समजलं. पुढे केरळातल्या एका लग्नात माझ्या आतेभावाने मिरवणुकीत तोच ठेका ऐकला. विचारलं तर तिथली माणसं म्हणाली, हा ‘नासिक ढोल’. तो रस्त्यात उभा राहून रडला, असं त्याने आम्हाला पत्रात लिहिलं होतं.

गणपतीतलं रस्त्यावरचं गाणं या शहरात कधीच किरकोळ नव्हतं. अण्णांच्या वडिलांनी मेळे ऐकले होते. सावरकर बंधूंचा मित्रमेळा 1900 मध्ये इथेच सुरू झाला, कवी गोविंदांची पदं त्या मेळ्यात गायली गेली. देशभक्तीची पदं छापली म्हणून 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली. हे सांगताना अण्णा ताठ बसायचे. गाणं ऐकताना पाय पसरून बसलेलं त्यांना चालत नसे, त्याचं कारण बहुधा हेच होतं.

पण आम्हा आठजणांची म्हणून जी रात्र आहे, ती पावसाची.

त्या वर्षी मिरवणूक आमच्या घरासमोर आली आणि सर कोसळली. गुलालाचं पाणी पन्हळीसारखं वाहू लागलं. अण्णांनी गॅलरीतून हाक दिली, तसा पंधरा-सोळा जणांचा अख्खा बँड आमच्या खालच्या पडवीत शिरला. काकूने चहाचं मोठं पातेलं चढवलं, द्रोणांतून वाटलेली डाळ दिली. वाजवणारे वाद्याची खालची छोटी चावी दाबून पाणी काढत होते. धाकट्याला इतके दिवस ती थुंकी वाटायची. ते श्वासातली वाफ आत थंड होऊन जमलेलं पाणी असतं, हे बँडमास्तरांनी त्याला समजावून सांगितलं. अण्णांनी दोन्ही हात पुढे करून विचारलं, “एकदा बघू?” ट्रम्पेट हातात आल्यावर त्यांनी ते जपून तोललं आणि कडेला नखाने हलकी टिचकी मारली. कान लावून ऐकलं. म्हणाले, “निर्मळ आहे.” त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. आयुष्यात कुणी त्याच्या वाद्याची अशी पारख केली नसावी.

पाऊस थांबेना. मग बँडमास्तरांनी, ढोल नाही, झांज नाही, एकट्या ट्रम्पेटवर अगदी हळू वाजवायला घेतलं. घरात वाजतंय म्हणून घराएवढंच. आणि आतून काकू ओरडली, “अरे, डबे!”

आम्ही धावलो. फडताळातून बारीक गुणगुण येत होती. अण्णांच्या लगेच लक्षात आलं. दहा दिवसांच्या मोदक-शिऱ्याने आणि त्या दिवशीच्या डाळीने रव्याचा, साखरेचा आणि हरभऱ्याच्या डाळीचा असे तीन डबे रिकामे झाले होते. “भरलेला डबा मुका. रिकामा असेल तर त्याला आपला सूर लागला की तो ओ देतो,” ते म्हणाले. त्यांनी झाकणं काढायला लावली. बँडमास्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि एकेक सूर लांबवत वर चढू लागले. आम्ही आपापल्या डब्यावर तळवे टेकून उभे. एका सुराला माझ्या तळव्याखाली रव्याचा डबा असा थरारला की मी हात मागे घेतला. ते तिथेच थांबले. “हा तुमचा,” म्हणाले. मग साखरेचा सापडला, मग डाळीचा. दादाच्या डब्यात पीठ होतं, तो काही बोलेना. दादा कधी हट्ट न करणारा. पण त्या रात्री त्याने मुकाट्याने पीठ पातेल्यात काढलं, डबा पुसला आणि जागेवर ठेवला. ट्रम्पेटचा सूर तिथवर उतरेना. तेव्हा मागून मोठं वाद्य वाजवणारे आजोबा पुढे आले, त्यांनी खोल श्वास घेतला, आणि गव्हाचा डबा घुमला.

पाऊस ओसरल्यावर ते गेले. रविवार कारंज्याकडे दूर जाणारा त्यांचा आवाज आम्ही शेवटपर्यंत ऐकला. आधी क्लॅरिनेट विरलं, मग ट्रम्पेट, आणि पुलाच्या बाजूने बराच वेळ नुसता ठोका येत राहिला.

तेव्हा मिरवणूक पहाटेपर्यंत चालायची. पुढे 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्रीच्या वेळा ठरल्या, आणि ते योग्यच झालं, कारण तोवर भिंतीएवढे स्पीकर आले होते. त्यांच्यासमोर सोळा माणसांच्या फुफ्फुसांचा आवाज टिकत नाही. आज ढोल-ताशा पथकांत मुली पाठीला पट्टा बांधून तासन्‌तास वाजवतात, ते बघून माझा ऊर भरून येतो. पण पितळी बँड मिरवणुकीत क्वचित दिसतो. प्रत्येक मंडळाने वर्षाआड तरी एक बँड सांगावा, असं मी ओळखीच्या कार्यकर्त्यांना दरवर्षी विनवते. चातुर्मासात बँडवाल्यांच्या घरची चूल आजही गणपतीच्याच पैशावर पेटते. शिवाय जवळ उभं राहून, एकमेकांचा खांदा धरून ऐकता येईल असं संगीत मुलांच्या कानांवर पडायला हवं.

तांबट आळीतलं घर गेलं, तिथे इमारत झाली. सामानाच्या वाटण्या होताना डब्यांवरून एक शब्दही झाला नाही. आमच्या वाटण्या लहानपणीच झाल्या होत्या. एक डबा कोथरूडला गेला, एक डोंबिवलीला, दोन नाशकातच पाथर्डी फाट्याला. दादाचा डबा त्याच्या मुलीने न्यू जर्सीला नेला. दादा आता नाही.

अनंत चतुर्दशीला आम्ही आपापला डबा रिकामा ठेवतो. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. बोलता बोलता एकदा कळलं, की सगळेच तसं करतात. मागच्या वर्षी दादाच्या मुलीचा फोन आला. तिने ते घर कधी पाहिलेलं नाही.

“आत्या,” ती म्हणाली, “पीठ काढून ठेवलंय.”