इंत्रूजचे दिवस

शुक्रवार, 17 फेब्रुवारी 2023, रायबंदर

आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी चोर्ला घाट उतरून दुपारी पोचलो. गाडी डॉक्टरीणच चालवते, स्टिअरिंग दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. मास्तरीण बेळगाव सोडल्यापासून झोपलेली आणि बँकवाली साखळीच्या चहाभज्यांच्या बिलाचे चार भाग करत बसलेली. कॉलेज सुटून पंचवीस वर्षं झाली तरी हिची वही सुटत नाही.

आंटींकडे उतरलोय. मास्तरणीच्या जुन्या रूममेटच्या आई, वय ऐंशीच्या पुढं. संध्याकाळी बाल्कांवात बसून त्यांच्या लहानपणचा इंत्रूज, म्हणजे गोव्याचा कार्निव्हल, ऐकला. कागदाच्या पुड्यांत पीठ भरून ठेवायचं, रस्त्यानं चांगल्या कपड्यातला माणूस दिसला की नेम धरायचा. पिचकाऱ्या, अंडी, सगळं चालायचं. पाद्रीसुद्धा त्या तीन दिवसांत बाहेर पडताना छत्री घेत. सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक ही नंतरची, 1965 सालापासूनची. टिमोटेओ फर्नांडिसांनी रिओचा कार्निव्हल डोळ्यांपुढं ठेवून ती काढली आणि पहिला किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा राजा, तेच झाले. आंटींना ते फारसं पसंत नसावं. "तेन्नाच्यान आमी फकत पळोवपी," म्हणजे तेव्हापासून आम्ही नुसते बघे, एवढं म्हणून त्या पेज ढवळायला उठल्या.

शनिवार, 18 फेब्रुवारी

आज महाशिवरात्र, आणि आजच कार्निव्हलचा पहिला दिवस. बँकवालीचा कडक उपवास. आंटींनी न सांगता तिच्यासाठी रताळी उकडून ठेवली होती, आमच्यासाठी सोरपोतेल. त्यांचेही चाळीस दिवसांचे निर्बंध बुधवारी सुरू होणार, त्याआधी चापून खाऊन घेण्यासाठीच तर हा सण.

गाडी नेण्यात अर्थ नव्हता. रायबंदरचा पूल म्हणजे 1634 सालचा तीन किलोमीटरचा बांध, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खारफुटी. चालत निघालो. पणजीत शिरताना बघितलं, उभ्या गाड्यांपैकी निम्म्या एमएच नाहीतर केए.

मिरवणुकीच्या पुढं किंग मोमो, मुकुट, मिशा, हात हलवतोय. खा, पी, मजा कर हे त्याचं फर्मान वाचून झालं आणि बॅरिकेडच्या आमच्या बाजूच्या पोरांनी त्यातला मधला शब्द तेवढा मनावर घेतला. फेसाचे डबे, भोंगे, उघडी अंगं. एकानं मास्तरणीच्या दंडाला हात लावला. तिनं वळून "कुठल्या शाळेत होतास रे?" असं तिच्या वर्गातल्या आवाजात विचारलं. तो मराठी निघाला. गेला गर्दीत. गोव्याची बदनामी होते ती अशा पाहुण्यांमुळं. रस्त्यावर नाचणारी माणसं मात्र शुद्धीत होती, घामाघूम होती, कामात होती.

एका चित्ररथावर नारळाचं झाड उभं केलं होतं, खोड पुठ्ठ्याचं, झावळ्या खऱ्या. त्यावर कमरेला कोयती लावलेला रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, चढायचा, मडकं काढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. समोर रस्त्यावर आडवी वायर आली. ट्रॅक्टर थांबला. मागून बनियनवाला एक गडी लांब बांबू घेऊन पळत आला, बांबूच्या टोकाला आडवी काठी बांधलेली. त्यानं वायर उचलून धरली, ड्रायव्हरनं पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर वीतवीत पुढं घेतला, वरचा रेंदेर खोडाला मिठी मारून बसला, बँडनं मात्र वाजवणं थांबवलं नाही. झाड पलीकडं गेल्यावर आम्ही चौघींनीच टाळ्या वाजवल्या. आजूबाजूचे बघायला लागले. त्यांना काय कळणार! बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीला रात्रभर चित्ररथ निघतात, आणि आमच्या गल्लीच्या रथापुढं असाच बांबू घेऊन माझा थोरला भाऊ कैक वर्षं पळालाय. तो म्हणायचा, मावळे सगळे फोटोत येतात, वायरवाला येत नाही. त्या बनियनवाल्याचा मी फोटो काढला आणि भावाला पाठवला. उत्तर आलं: "बांबू आखूड आहे."

रविवार, 19 फेब्रुवारी

फोंड्यावरून मडगाव. फर्मागुडीच्या किल्ल्यावर भगवे झेंडे, तारखेची शिवजयंती. मडगावात मिरवणूक कालचीच, तेच रथ गावोगाव फिरतात. नारळाचं झाड पुन्हा भेटलं. ऊन फार. लवकर परतलो.

सोमवार, 20 फेब्रुवारी

आज चांदर. हे पाहायला आलो नसतो तर ट्रिप वाया गेली असती असं माझं मत, बँकवालीला मान्य नाही.

चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी. दिवस असतानाच पोचलो म्हणून कोटात हिंडता आलं. देवळाचा नुसता पाया उरलाय, आणि एक नंदी, मुंडकं नसलेला. मुंबईच्या सेंट झेवियर्सच्या फादर हेरासांनी 1929 साली इथं उत्खनन केलं होतं. परवाच्या उपवासाचं पुण्य पदरी असल्यामुळं बँकवालीनं नंदीच्या पाठीवर हात ठेवून नमस्कार केला.

रात्री मुसळांचा खेळ. नाचणारे सगळे ख्रिस्ती, स्वतःला क्षत्रिय म्हणवणारे, पायांत घुंगरू, हातांत माणसाहून उंच मुसळं. विजयनगरच्या हरिहरानं इथं विजय मिळवला, त्याचा हा नाच असं गावात सांगतात. घरासमोर रिंगण धरायचं, घुमटाच्या तालावर मुसळ जमिनीवर आपटायचं, मग पुढचं घर. बॅरिकेड नाही, स्पीकर नाही. माझ्या शेजारच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ होते, नाचातून निवृत्त झालेले असावेत. मुसळ पडलं की त्यांची टाच उचलली जायची. एका तरुणाचा ठोका मागं पडला तेव्हा त्यांनी "च्" केलं, आणि त्या पोरानं एवढ्या आवाजात ते ऐकलं. पुढच्या फेरीत ठोका जागेवर.

दंगा नव्हता असं नाही. पोरं शिट्ट्या मारत होती, एक काका पिऊन रिंगणात शिरले. त्यांना दोघांनी खांद्याला धरून हळूच बाकावर नेऊन बसवलं, नावानं हाक मारत. ओळखीच्या दंग्याची मला भीती वाटत नाही.

मंगळवार, 21 फेब्रुवारी

शेवटचा दिवस. पणजीत क्लब नॅशनलचा रेड अँड ब्लॅक डान्स. आंटींनी बजावलं, बाराच्या आत या, नंतर मी कडी लावणार, उद्या राखेचा बुधवार, मला सकाळी मिसाला जायचंय.

लाल-काळं काय घालायचं यावर दुपार गेली. माझी काळी इरकल, लाल काठाची, चालून गेली. मास्तरणीनं आंटींचा लाल स्कार्फ मागून घेतला. बँकवाली हळदीकुंकवाची काळी चंद्रकळा आणायला विसरली म्हणून हळहळत होती. डॉक्टरीण म्हणाली, मी नाचणार नाही, खुर्चीवर बसून बघणार.

काळा सूट, लाल टाय घातलेले एक पंचाहत्तरीचे गृहस्थ सरळ तिच्यापुढं येऊन वाकले. नाही म्हणायची सोयच ठेवली नाही. पहिल्या गाण्यात ती पाय मोजत होती, दुसऱ्यात बोलायला लागली, तिसऱ्यात सँडल काढून आमच्याकडं फेकले. बँकवालीनं ते पर्सशेजारी नीट लावून ठेवले. चौथ्या गाण्याला गिरकी घेताना डॉक्टरणीचा गुडघा कटकन वाजला, बँडच्या आवाजातही आम्हाला ऐकू आला. तिनं स्वतःच दाबून बघितला, "लिगामेंट शाबूत आहे" असं जाहीर केलं आणि त्याच पायावर पुन्हा उभी राहिली. ते गृहस्थ म्हणाले, माझा दोन्हीकडचा बदललेला आहे, चला.

पावणेबारा वाजलेत. ती अजून आत आहे, किल्ली तिच्याकडं आहे, आणि उद्या चोर्ला घाट कोण चढवणार यावर बाहेर फुटपाथवर आम्हा तिघींची चिठ्ठ्या टाकण्यापर्यंत मजल गेलीय.