पादऱ्यात जर्मन बोलावे कोणाशी?

बडोदे शहर मागे टाकून जंबुसरच्या रस्त्याने निघाले की पंधरा-सोळा किलोमीटरांवर पादरा लागते. गायकवाड सरकारची अरुंद मार्गाची आगगाडी एके काळी येथवर येत असे; आज रस्त्यावर मोटारींची व रिक्षांची वर्दळ आहे. भोवतालची जमीन सुपीक असून भाजीपाल्यासाठी हा तालुका नावाजलेला आहे. अलीकडे औषधांचे व रसायनांचे कारखानेही येथे उभे राहिले आहेत. पलीकडे मही नदी वाहते आणि नदीपार आणंदचा मुलूख सुरू होतो. बाजारात सर्वत्र गुजराती कानी पडते, तर संस्थानी अमलात ह्या प्रांतात येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या घरात अद्याप मराठी नांदते.

अशा गावी आम्ही गेलो ते एक प्रश्न मनात घेऊन. परिचारिकेचे किंवा तंत्रज्ञाचे शिक्षण घेतलेली आमची मुले-मुली आज जर्मनीची वाट धरू पाहतात. डिसेंबर 2022 मध्ये भारत व जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार झाला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये कुशल भारतीयांसाठीच्या प्रवेश-परवान्यांची वार्षिक मर्यादा 20,000 वरून 90,000 वर नेण्याचे जर्मन सरकारने जाहीर केले. दार उघडले खरे, पण उंबरठा भाषेचा आहे. परिचारिकेला तेथे पूर्ण मान्यतेने काम करावयाचे तर साधारणतः बी-2 ही पायरी गाठावी लागते. शहरातील वर्गात व्याकरण शिकता येते. परंतु वर्ग सुटला, पादऱ्याची गाडी पकडली, की जर्मन बोलावे कोणाशी?

वाचकहो, ह्या प्रश्नाचे उत्तर देवघेवीत आहे. एकाने आपली भाषा द्यावी व दुसऱ्याची घ्यावी, ही रीत युरोपात ‘टँडेम’ म्हणजे दोघांनी चालवावयाची सायकल ह्या नावाने ओळखली जाते. 1963 च्या करारानंतर फ्रेंच व जर्मन तरुण एकत्र येऊ लागले, तेव्हा ती विशेष रुजली. पण ह्या भूमीला ती नवी कशी म्हणावी? सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत 1931 साली ‘सयाजी शासन शब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील एकेका शब्दाला आठ भाषांतील प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी बसविलेले आहेत. मराठी राजा, गुजराती प्रजा आणि फारसी वळणाचे दप्तर, अशा राज्यात परस्परांची भाषा शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते.

जर्मन माणसेही ह्या बाजूस पूर्वीपासून येत आली. क्रुम्बीगेल नावाचे उद्यानतज्ज्ञ बंगळूरच्या लालबागेत जाण्यापूर्वी बडोद्याच्या बागा सांभाळीत होते. हेर्मान गोट्झ हे 1940 नंतरच्या दशकात बडोद्याच्या संग्रहालयाचे संचालक होते. मुंबई-पुणे मिशनात 1854 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मन येशूसंघीय धर्मगुरू राबले. अहमदनगरकडील खेड्यांत प्रवचन करावयाचे तर त्यांना मराठी शिकावी लागे, आणि ती शिकविणारी माणसे म्हणजे खेड्यातील लोकच. पुढच्या काळात हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर महाराष्ट्रात आले. खंडोबा व धनगर यांच्या परंपरांचा अभ्यास त्यांनी धनगरवाड्यांवर, त्या लोकांच्या बोलीतच केला. एक जर्मन पंडित मेंढपाळाकडून मराठी शिकू शकतो, तर पादऱ्याच्या मुलीने आपल्यापाशी देण्यासारखे काही नाही असे का मानावे?

शिवाय मराठी माणसाला जर्मन वाटते तितकी परकी नाही. तिच्यात तीन लिंगे आहेत, तशी मराठीत व गुजरातीतही आहेत. इंग्रजीवरून येणाऱ्याला जड वाटणारी ही गोष्ट आमच्या मुलांना घरचीच. आपण ‘एकवीस’ म्हणताना एक आधी उच्चारतो व वीस नंतर. जर्मन मनुष्यही ‘आइन-उंड-त्स्वांत्सिश’ म्हणजे ‘एक आणि वीस’ असेच म्हणतो. गौण वाक्यात क्रियापद अखेरीस जाते, तेही आपल्या ओळखीचे. ‘चूल’, ‘चाक’, ‘चोर’ ह्यांतील च त्यांच्या ‘त्स’शी अगदी जवळचा आहे. ‘तू’ व ‘आपण’ हा भेद तर दोन्हीकडे सारखाच जपला जातो. कठीण जातात ते ओठांचा चंबू करून काढावयाचे स्वर, आणि ते पुस्तकातून येत नाहीत. समोरच्या ओठांकडे पाहूनच साधतात.

जोडीदार शोधावा कोठे? पहिला जोडीदार आपल्याच वर्गात असतो. गटे संस्थेच्या बी-1 व बी-2 परीक्षांत संभाषणासाठी सहसा दोन उमेदवार एकत्र बसतात. तेव्हा एकाच गाडीने परतणाऱ्या दोघींनी वाटेत जर्मन बोलण्याचा नेम केला तरी मोठे काम होते. दुसरा जोडीदार म्हणजे नात्यागोत्यातील वा ओळखीतील, आधी तिकडे जाऊन स्थिरावलेली व्यक्ती. तिच्या शेजारी, तिच्याबरोबर काम करणारे कोणी, भारताविषयी कुतूहल असलेले असतात. मराठी, गुजराती वा हिंदी शिकू इच्छिणारा एखादा त्यांत सापडला की देवघेव जमते. तेथील घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. पादऱ्यात रात्रीचे आठ वाजले की तेथे दुपार कलू लागलेली असते. निवृत्त माणसाला ती वेळ सोयीची.

नेम मात्र काटेकोर असावा. अर्धा तास जर्मन, अर्धा तास आपली भाषा. एकाच्या लोभाने दुसऱ्याचा वाटा बुडू नये. बोलणाऱ्याला मध्येच न अडविता चुका वहीत टिपाव्या व शेवटी सांगाव्या. विषय आधी ठरवावा. अनोळखी व्यक्तीशी बोलणे घरच्यांच्या माहितीने व्हावे, आणि पैशाचा वा कागदपत्रांचा विषय निघताच बोलणे थांबवावे.

ह्या खटाटोपाचे मोल केवळ परीक्षेत नाही. दूरच्या इस्पितळात रात्रपाळीला एखादी वृद्धा कण्हत असेल. ‘हाबेन झी श्मेर्त्सेन?’, आपल्याला दुखते आहे का, एवढे विचारणे पाठांतरानेही जमेल. पण ती जे पुटपुटेल, अर्धवट तोडून, गावंढळ बोलीत, ते कळले नाही तर औषध चुकेल आणि धीरही देता येणार नाही. असे ऐकण्याचा सराव माणसाशी बोलूनच होतो. आणि त्या देवघेवीत आपली मुलगी कोणा जर्मन आजींना ‘बरे वाटते का?’ हे म्हणावयास शिकवील, तर परदेशी उतरताना ती केवळ हात पसरून उतरणार नाही. काही देऊन, काही घेऊन गेलेली असेल. पादऱ्यासारख्या गावातील आईबापांनी मुलांच्या शुल्काबरोबर ह्या रोजच्या तासाचीही तरतूद करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.