दूध न सोसणाऱ्यांची बाजू

एखादा पदार्थ जिभेला रुचणे आणि तो आतड्यांना सोसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही न सोसण्याला आपल्या घरांतून पुष्कळदा हट्टच समजले जाते. माझ्या थोरल्या बहिणीला लहानपणी दूध फार आवडे. दहा-बारा वर्षांची झाल्यावर मात्र पोट फुगते, कळा येतात, असे ती सांगू लागली. ‘सोंगे पुरेत,’ हे उत्तर तिला माहेरी मिळाले आणि पुढे सासरीही.

पचनसंस्थेवरील एका लेखाचे भाषांतर करताना अक्काच्या तक्रारीचा उलगडा मला झाला. अन्नातील मोठे रेणू फोडून ते रक्तात शोषण्याजोगे करणारी द्रव्ये म्हणजे विकरे. लाळेतील विकर पिष्टावर काम करते, जठरातील प्रथिनांवर. दुधातील शर्करेचे काम लहान आतड्याकडे असते. त्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म रसांकुर असतात. त्यांच्या पेशींवरील लॅक्टेज हे विकर दुग्धशर्करेच्या दोन साध्या शर्करा करते. तान्ह्या मुलांत ते विपुल असते. पुष्कळांत मात्र वयाबरोबर आपोआप घटत जाते. मग न फुटलेली शर्करा मोठ्या आतड्यात उतरते. ती पाणी ओढून घेते आणि तेथील जिवाणू तिच्यापासून वायू तयार करतात. पोटफुगी, कळा व जुलाब यांचे मूळ हेच.

हा काही दुर्मिळ रोग नव्हे. जगातील निम्म्याहून अधिक प्रौढांत हे विकर कमी असते. आपल्या देशातही उत्तरेपेक्षा दक्षिणेत अशी माणसे अधिक आढळतात. तेव्हा पंजाबी शेजाऱ्याला सहज पचणारा पेला तमिळ पाहुण्याने नाकारला, तर त्यात अनादर मानू नये.

अशांनी दूध सर्वस्वी वर्ज्य करावे असेही नाही. दही लागताना जिवाणू काही शर्करेचे आम्ल करतात. म्हणून दही-ताक अनेकांना सोसते. जेवणाबरोबर घेतलेले थोडे दूधही चालते. नाचणी व तीळ यांतूनही कॅल्शियम मिळते. अक्काच्या मुलालाही दूध बाधते. त्याच्या ताटाशी आता ताक असते आणि त्याला कोणी बोल लावत नाही.

तान्ह्या बाळाचे दूध मात्र स्वतःच्या विचाराने तोडू नये. वजन घटत असेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर डॉक्टरांकडेच जावे. एरवी घरातील मूल ‘पोट दुखते’ म्हणाले, तर रागावण्यापूर्वी त्याने काय खाल्ले-प्याले ते विचारावे. पुष्कळदा ते खरेच सांगत असते.