बाबा पदमनजींशी असहमत होताना

सांगोल्यात राहून बाबा पदमनजी वाचणे सोपे नाही. पंढरपूर तासाभराच्या अंतरावर. मूर्तिपूजेला भ्रम ठरवणारा हा लेखक हाती घेतला की आमच्यातला वारकऱ्यांचा शेजारी जागा होतो. तरीही त्यांच्या नैतिक युक्तिवादाचे मोल आम्हांस नाकारता येत नाही.

बेळगावात 1831 साली जन्मलेल्या पदमनजींनी 1854 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचे 'यमुनापर्यटन' 1857 चे. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो आणि 'प्रचारकी' हा शेरा मारून आपण पुढे सरकतो. शेरा खोटा नाही, पण अपुरा आहे. यमुना प्रथम इतर विधवांचे हाल पाहते. मग विनायक जातो आणि तेच तिच्या वाट्याला येते. पाहणारीच भोगणारी होते. केशवपनासारखी रूढी केवळ जुनी आहे म्हणून न्याय्य ठरते काय, हा प्रश्न मग कोणत्याही धर्माच्या वाचकाला टाळता येत नाही.

आमची अडचण पुढे आहे. रूढी क्रूर आहे, यावरून दुसरा धर्म सत्य आहे असे सिद्ध होत नाही. जोतीराव फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते धर्मांतराची अट न घालता. 'हे पटले तर ख्रिस्ती व्हायचे का?' असे वर्गात विचारले जाते, तेव्हा आम्ही हा फरक दाखवतो. मात्र पदमनजींची श्रद्धा फुकटची नव्हती, हेही सांगतो. तिच्यापायी घरच्यांशी झालेली ताटातूट त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात वाचावी.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये ठराव केला, की पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. 'यमुनापर्यटना'नंतर 165 वर्षांनी! त्यासाठी कोणाला धर्म बदलावा लागला नाही. पदमनजींचे उत्तर आम्ही स्वीकारत नाही. पण ते नाकारले म्हणून त्यांचा प्रश्न सुटला, असे मानण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमच्या तालुक्यातही बांगड्या फुटतातच.