खंडेनवमीचं पॉलिश

घटस्थापना झाली की अण्णा आईकडे जुनं धोतर मागायचे. ते आजोबांचं असायचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्याची चार फडकी व्हायची. एक ओलं, एक पॉलिश लावायला, एक काढायला आणि चौथं राखीव, ज्याला आम्हा मुलांनी हात लावायचा नसे. खंडेनवमीला गाडीची पूजा, म्हणून त्याआधीचा शनिवार-रविवार पॉलिशचा. त्या दोन दिवसांत घरी आलेल्या पाहुण्याला चहा मिळे, पण अण्णा मिळत नसत.

गाडी १९७६ सालची. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण सगळी रत्नागिरी तिला फियाटच म्हणायची, कारण कुर्ल्याच्या कारखान्यातून ती आधी फियाट याच नावानं बाहेर पडत असे. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघण्याचे ते दिवस. अण्णांनी १९७९मध्ये ही एका ओळखीच्या डॉक्टरांकडून जुनी घेतली. सायीचा रंग, स्टिअरिंगखाली हँडगिअर, पुढेमागे क्रोमचे बंपर. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, खारा वारा आणि जांभ्याचा तांबडा चिखल यांतून चार महिने काढून ती नवरात्रापर्यंत पोचायची तेव्हा तिचा रंग साय राहिलेला नसे, चहा झालेला असे.

शनिवारी सकाळी विहिरीचं पाणी. डांबराच्या ठिपक्यांना रॉकेलचा बोळा. बंपरला ब्रासो. मग गाडी पडवीच्या सावलीत घ्यायची, कारण तापल्या पत्र्यावर पॉलिश चिकटून बसतं. वॅक्सपोलचं पॉलिश आणि त्याचा टर्पेंटाइनसारखा एक उग्र, मला अजूनही आवडणारा वास. बोटाभोवती फडकं गुंडाळून, लहान लहान गोल फिरवत, एका वेळी एकच भाग. तो भाग वाळून पांढुरका झाला की दुसऱ्या फडक्यानं पुसायचा. बॉनेटला पाऊण तास, चार दारांना दुपार, टप रविवारी. टपावर अण्णांचा हात पोचत नसे, म्हणून ते स्वयंपाकघरातला पाट घेऊन त्यावर उभे राहायचे आणि आई जेवायला बसायच्या वेळी पाट शोधायची.

पुसलेल्या फडक्यावर सायीचा रंग उतरायचा. अण्णा ते फडकं आम्हाला दाखवून म्हणायचे, ‘बघा, केवढी घाण निघाली!’ आम्ही माना डोलवायचो. ती घाण नव्हती हे मला पुढे तीस वर्षांनी कळलं. तो गाडीचा रंगच होता.

त्या काळच्या गाड्यांचा रंग एकथरी असायचा. वर पारदर्शक कवच नाही, रंगच उघडा. उन्हानं आणि हवेनं त्याचा वरचा पापुद्रा मरतो, खडूसारखा भुरभुरीत होतो. तेव्हाच्या पॉलिशात मेणाबरोबर बारीक खरही, म्हणजे घासणारी पूडही, असे. खर तो मेलेला पापुद्रा खरवडून काढी आणि मेण खालच्या ताज्या रंगावर चमक आणी. आपण एकच डबा वापरत होतो आणि त्यात दोन उलटी कामं होती. एक काढायचं, एक लावायचं. आज बाजारात या दोन कामांच्या बाटल्या वेगळ्या मिळतात. काढतं ते पॉलिश, लावतं ते वॅक्स. आम्ही दोन्हीला पॉलिशच म्हणत आलो, आणि वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि पाडव्याला, भक्तिभावानं गाडीचा रंग पातळ करत आलो. नव्वदीच्या सुमारास बॉनेटच्या कडांवर खालचा तपकिरी प्रायमर डोकावायला लागला. अण्णा म्हणाले, ऊन लागलं. ऊन कसलं, कोपऱ्यांवर हात जास्त जोरात फिरत होता.

त्या मेणातला उत्तम भाग म्हणजे कार्नौबा. ब्राझीलच्या ईशान्येला ताडाच्या कुळातलं एक झाड वाढतं. कोरड्या हवेत पाणी उडू नये म्हणून ते पानांवर मेणाचा थर धरतं. पानं तोडून, वाळवून, झोडपून ती पूड काढतात. हे मेण ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांनाच पाणी होतं, आणि उन्हात उभ्या गाडीचा टप सत्तरीच्या पुढेही जातो, हे लक्षात घेतलं की कार्नौबाची किंमत कळते. ते इतकं कठीण की नुसतं लावताच येत नाही, त्यात मऊ मेणं आणि द्रावक घालून त्याची पेस्ट करावी लागते. चकचकीत चॉकलेटच्या गोळ्यांवरही तेच असतं. मला मात्र वेगळीच गंमत वाटते. आमच्या परसातले काजूही मूळचे ब्राझीलच्या त्याच पट्ट्यातले, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणलेले. अण्णा काजूच्या सावलीत बसून गाडीला कार्नौबा लावत होते. एकाच मुलखातले दोन प्रवासी रत्नागिरीत भेटले, हे त्या दोघांना सांगणारं कुणी नव्हतं.

आता माझी गाडी पुण्यात आहे, गडद निळी. तिच्या डिकीत एक फवाऱ्याची बाटली असते, स्प्रे वॅक्स. पांढरट दुधासारखं पाणी, आंब्याचा म्हणून दिलेला पण आंब्याला न पटणारा वास. गाडी धुऊन झाली की फुस्स करायचं, मायक्रोफायबरनं पसरवायचं, कोरड्या बाजूनं पुसायचं. दहा-बारा मिनिटांत आख्खी गाडी. अण्णांचे दोन दिवस आणि माझी दहा मिनिटं. पहिल्यांदा केलं तेव्हा मलाच चोरी केल्यासारखं वाटलं.

म्हणून एका पावसाळ्यात मी परीक्षा घेतली. बॉनेटच्या मधोमध टेप लावून डाव्या अर्ध्यावर बाटली फवारली, उजवा अर्धा कोरा ठेवला. डावीकडे पाण्याचे गोल टपोरे मणी, उजवीकडे नुसतं पसरलेलं पाणी. आठवडाभर मी शेजाऱ्यांना पकडून पकडून मणी दाखवले. तीन आठवड्यांनी मणी चपटे झाले. पाचव्या आठवड्यात दोन्ही बाजू सारख्या. दर आठवड्याचा शांपू आणि पुण्याचा पाऊस, एवढ्यानं काम झालं. डब्यातलं मेण दोन-तीन महिने टिकतं, बाटलीतलं तीन-चार आठवडे. बाटलीत बहुतेक पाणीच असतं, त्यात थोडं मेण, थोडं सिलिकॉन किंवा पॉलिमर. इतक्या पातळ थराकडून याहून जास्त मागणं हावरटपणा आहे.

मग ते फवारणं वाया का? माझ्या मते नाही, कारण आजच्या गाडीला अण्णांचं पॉलिश लागतच नाही. तिच्या रंगावर क्लिअर कोट असतो, ४०-५० मायक्रॉनचा पारदर्शक थर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्यातच ऊन अडवणारी द्रव्यं घातलेली असतात. फडक्यावर रंग उतरत नाही, कारण रंग खाली सुरक्षित आहे. वॅक्सला त्या कवचावर एक वाहून जाणारा पदर घालायचा असतो, कवचाऐवजी तो झिजावा म्हणून. तो पदर महिन्याला वाहून गेला तर महिन्याला घालावा. दहा मिनिटांचंच तर काम आहे. आणि बाटलीत खर नसतो, म्हणजे अण्णांसारखं भक्तीनं नुकसान होत नाही. मला विचाराल तर दोन दिवस आणि धोतर यांच्यापेक्षा ही बाटली आजच्या रंगाला जास्त मानवते.

पण त्या परीक्षेत दोन गोष्टी आणखी कळल्या. आमच्या पार्किंगवर एक पर्जन्यवृक्ष आहे आणि त्यावर कावळ्यांची वस्ती. त्यांची शिट दोन दिवस उन्हात राहिली तेव्हा डाग दोन्ही बाजूंना पडला, डावीकडे फक्त थोडा फिका. तापलेला क्लिअर कोट मऊ होतो, वर शिट वाळून टणक होते, आणि गार होताना कोट तिच्या आकारावर बसतो. तिथं उपाय एकच, दिसली की लगेच भिजवून उचलायची. दुसरी गोष्ट त्या लाडक्या मण्यांची. टँकरच्या जड पाण्यानं धुऊन गाडी तशीच सोडली, तर प्रत्येक मणी वाळताना क्षाराचा पांढरा ठिपका मागे ठेवतो. वॅक्स न लावलेल्या बाजूला ठिपके कमी होते! मणी म्हणजे संरक्षण, असं मानून मी महिनाभर छाती फुगवून फिरलो होतो.

खरा शत्रू मात्र रोज सकाळी सहाला येतो, आणि त्याला पगार मीच देतो. गाडी पुसायला येणाऱ्या दादांकडे एक बादली, एक पिवळं फडकं आणि पंचवीस गाड्या. आसपास कायम बांधकामं, त्यामुळे गाडीवर क्रश सँडची पूड, क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या धुळीवर फडकं फिरलं की बारीक ओरखडे. सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसतं ना, ते हेच. त्यावर कितीही भारी बाटली मारली तरी ओरखडे थोडे झाकतात, जात नाहीत. आणि काही जण तर धुळीवरच बाटली फवारून पुसतात. त्यापेक्षा गाडी मळकी बरी. मी दादांना सांगितलं, पैसे तेवढेच घ्या, फक्त काचा पुसा. त्यांना वाटलं, मी त्यांच्या कामावर नाराज आहे. समजूत घालायला चार दिवस लागले. (फवाऱ्याबद्दल माझ्याकडून एक कबुली: फरशीवर उडालेल्या वॅक्सवरून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी घसरले होते. तेव्हापासून मी फडक्यावर फवारतो. ब्रेकच्या डिस्कवर तर ते चुकूनही जाऊ नये.)

फियाटचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. १९९१च्या जुलैत आम्ही पावस गावी निघालो होतो. पुढे बसलेल्या आईचे पाय ओले झाले. अण्णांना वाटलं, काच उघडी आहे. काच बंद होती. रबरी मॅट उचलली तर खाली हातभर भोक, आणि भोकातून पळणारा रस्ता. मडगार्डच्या आत, दारांच्या तळाशी, फरशीखाली, पंधरा वर्षांचा तांबडा चिखल आणि खारं पाणी मुक्कामाला होतं. वरून ती गाडी इतकी चमकायची की लोक अण्णांना पॉलिशचं नाव विचारायला थांबत. वेल्डिंगवाल्यानं जीआयच्या पत्र्याची ठिगळं मारली, म्हणाला, ‘साहेब, वरती एवढं करता, कधी पाइप घेऊन खाली मारायचा होता.’ अण्णा काही बोलले नाहीत. १९९४मध्ये गाडी गेली. विकत घेणाऱ्यानं वरचा रंग बघितला, खाली वाकला नाही.

अण्णा आता शहाऐंशीचे आहेत, माझ्याकडे पुण्यात असतात. गेल्या नवरात्रात मी गाडी धुतली तेव्हा ते पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. मी बाटली काढली, फुस्स-फुस्स केलं, पुसलं, कापड झटकलं.

‘झालं?’

‘झालं, अण्णा.’

‘एवढ्यात?’ त्यांनी बॉनेटवर बोटाची मागची बाजू फिरवली, आपलं समाधान झालंय हे दिसू न देता. मग काठीनं गाडीच्या पोटाकडे खूण केली. ‘आणि खालून?’

मी गुडघे टेकून वाकलो आणि मोबाइलच्या उजेडात पाहिलं. खाली सगळीकडे काळं प्लॅस्टिकचं आवरण होतं. पत्रा कुठंच दिसत नव्हता.