शिळावर्तुळांच्या वाटेवर : भाग तिसरा

कळमेश्वर, शुक्रवार

काटोल रोडवरून येताना जुनापाणीला उतरलो. माळावर दगडांची तीनशेच्या आसपास वर्तुळं, लोहयुगातल्या माणसांची दफनं. 1879 मध्ये रिव्हेट-कार्नॅकने इथल्या दगडांवर कोरलेल्या खळग्यांविषयी लिहिलं, 1961-62 मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. वारसा-सहली काढणाऱ्या आम्हा लोकांना हे पाठ असतं. ते ऐकून पाहुणे फोटो काढतात नि गाडीत बसतात. मला हे फार लागतं.

रात्री इंकांवरचं वाचन पुढे नेलं. पेरूत अपुरीमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताचा झुलता पूल आहे, सुमारे 28 मीटर लांब. दर जूनमध्ये काठावरच्या चार केचुआ वस्त्या जुना पूल सोडवतात नि तीन दिवसांत नवा विणतात. बारीक दोऱ्या बायका वळतात, प्रत्येक घर आपल्या वाट्याची दोरी आणतं. 2013 मध्ये युनेस्कोने यादीत घेतली ती ही विणण्याची परंपरा. महामारीत एक वर्ष विणकाम चुकलं आणि पूल कोसळला. म्हणजे इंकांचा वारसा आजही हातांवर उभा आहे. माचू पिचूच्या भिंतींपेक्षा मला हेच मोठं वाटतं.

धापेवाडा, शनिवार

चंद्रभागेच्या काठी विठ्ठलमंदिर. गुरुपौर्णिमेला पंढरीचा विठ्ठल इथे येतो, ही विदर्भाची श्रद्धा. देवळाजवळच्या एका आजींना विचारलं, यात्रेत घरी किती माणसं जेवतात?

“मोजत नाई बाप्पा. पीठ सरलं का शेजारून आनतो.”

माझ्या माहितीपत्रकात देऊळ होतं, ही चूल नव्हती. केस्वाचाकाबद्दल वाचलं नसतं तर हा प्रश्न मला सुचला नसता.

कळमेश्वर, रविवार

सहलीचा क्रम उलटा केला. आधी धापेवाडा: गावातल्या घरी जेवण, पैसे थेट त्या घराला, माहिती सांगणारं माणूस गावचंच. यात्रेच्या गर्दीत मात्र पाहुणे न्यायचे नाहीत. ते दिवस वारकऱ्यांचे. जुनापाणी शेवटी. इंका राज्यात वेठीला आलेल्यांना मका आणि चिचा, म्हणजे मक्याची दारू, राज्य पुरवत असे. जुनापाणीचे हे दगड कुणी ओढले, त्या दिवशी त्यांच्यासाठी कुणी रांधलं? हा प्रश्न पाहुण्यांना माळावर विचारायचा, आणि गप्प राहून त्यांना बोलू द्यायचं.

उद्या माहुरझरी, अकीकाच्या मण्यांचं गाव.